मावशींचा अंगठा

शेवाळाच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचं काम मावशी एकोणीस वर्षं करत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकच गोष्ट ठासून सांगितली होती: स्वच्छ काच बोलते. फ्लास्क आधी साबणात, मग एक रात्र अ‍ॅसिडच्या टबात, मग नळाखाली तीनदा, मग डिस्टिल्ड पाण्यात तीनदा. शेवटच्या पाण्यातून बाहेर काढला की हातमोजे उतरवायचे, उजवा अंगठा फ्लास्कच्या गळ्यात घालायचा आणि आतून एक फेरा द्यायचा. काच कुईं करून वाजली तर पास. मुकाट्याने सरकली तर परत टबात. रबरी मोज्याने काच वाजत नाही, म्हणून अंगठा उघडाच लागायचा.

ही परीक्षा कुठल्या पुस्तकात नव्हती. मावशींनीच ती काढली होती आणि सगळ्यांनी ती मान्य केली होती. नवीन कोणी आलं की मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य बाई, पहिल्याच दिवशी सांगायच्या, "काचेबद्दल शंका घ्यायची नाही. मावशींनी वाजवली की विषय संपला." मावशी कानावर पडूनही न पडल्यासारखं करायच्या. पण त्या दिवशी त्यांच्या चहाला गोडी जरा जास्त यायची, हे काही खोटं नाही.

यंदा मॅडमच्या हाताखाली एक संशोधक मुलगी होती. तिला सगळे टिटवी म्हणत, कारण ती शांत बसूच शकत नसे. आकडे मोठ्याने मोजायची, फ्लास्कशी बोलायची, चुकलं की स्वतःलाच रागवायची. तिचं काम धातूच्या अगदी बारीक पावडरींवर होतं. झिंक ऑक्साईड, टायटॅनियम, तांब्याचं ऑक्साईड. कण इतके बारीक की केसाच्या रुंदीत हजारो मावावेत. रंगात असतात, उन्हाच्या क्रीममध्ये असतात, कपड्यांवर असतात, आणि सगळं धुऊन शेवटी नदी-तळ्यात जातं. तिथल्या हिरव्या शेवाळाचं काय होतं, ते टिटवी पाहत होती. फार वाईट होत होतं. कण पेशींना चिकटायचे, त्यांच्यावरचा उजेड अडवायचे, आणि झिंक तर पाण्यात विरघळून पेशीला आतून मारायचं. तीनच दिवसांत हिरवं पाणी पांढुरकं व्हायचं.

एवढंच झालं असतं तर टिटवीला पदवी मिळाली असती. पण यंदा कोरे फ्लास्कही मरू लागले.

कोरा म्हणजे ज्यात पावडर घातलेलीच नाही तो. पहिल्या दिवशी थेंबाला दहा हजार पेशी, तर तिसऱ्या दिवशी दहा लाख व्हायला हव्यात, हा त्याचा धर्म. कोरा हिरवागार झाला तरच पावडर घातलेल्याचं मरण खरं. कोराच मेला तर सगळा प्रयोग कचऱ्यात. टिटवीचे कोरे फ्लास्क पहिल्या फेरीत गेले. दुसऱ्या फेरीतही गेले.

"याला वाटतंय हिवाळा आलाय," स्टोअर सांभाळणारे काका फ्लास्क उजेडात धरून म्हणाले. हा तिथला जुना विनोद होता. दर हिवाळ्यात शेवाळ आळसावतं, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं. खोलीचं तापमान बारा महिने एकच, दिवे घड्याळावर लागायचे-विझायचे, तरी थंडीचे तीन महिने वाढ मंदच. बंद खोलीतल्या शेवाळालाही ऋतू आठवतो, असा मॅडमचा मोठा लेख होता. तो त्यांच्या खोलीत फ्रेम करून लावला होता. त्याच लेखावर त्या चार देश फिरून आल्या होत्या.

पण हिवाळा सरून तीन महिने झाले होते. आणि आळसावणं वेगळं, मरणं वेगळं.

"मग काय झालं असेल हो?" मावशींनी विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या पोटात गोळा आणण्यात त्याला एक सुख मिळायचं. "पावडर सुटली असणार. बरणी उघडताना हवेत उडाली की दिसते थोडीच? कोऱ्यात पडली, तशी टेबलावर पडली. तुमच्या-माझ्या कपड्यांवर पडली. मावशी, जे दिसत नाही तेच चावतं. घरी लहान मूल आहे ना तुमच्या?"

मावशींच्या पायाखालची वाळूच सरकली. घरी ठमी होती. मावशींची नात, सात महिन्यांची. लेकीची नोकरी भल्या पहाटेची, म्हणून ती ठमीला घेऊन आईकडेच राहायला आली होती. सकाळचं सगळं मावशींकडे: दूध, आंघोळ, कपडे, मग ठमीला पाळणाघरात सोडून मावशी कामावर. आणि गेल्या महिन्यापासून ठमीच्या मांड्यांवर लाल पुरळ उठत होतं.

आता जोडायला किती वेळ लागतो? प्रयोगशाळेत पावडर सुटली, मावशींच्या कपड्यांवर बसली, कपड्यांवरून ठमीच्या अंगावर गेली. दहा लाख पेशी तीन दिवसांत मारणारी पावडर, तिच्यापुढे सात महिन्यांचं पोर ते काय. त्या दिवसापासून मावशींचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कामावरून आल्या की बाहेरच्या नळावर हात, पाय, तोंड धुवायच्या. कपडे बदलल्याशिवाय ठमीला घ्यायच्या नाहीत. ती हात पसरून रडायची आणि मावशी लांब उभ्या राहून म्हणायच्या, "थांब गं माझे बाई, थांब, अजून केस राहिलेत."

"आई, हे काय नवीन?" लेकीने विचारलं.

"कामावरची धूळ असते."

"एकोणीस वर्षं नव्हती वाटतं धूळ?"

लेकीला सांगावं तर ती ठमीला घेऊन उद्याच दुसरं घर बघेल, ही भीती वेगळीच. मावशींनी फक्त मलम वाढवलं. पुरळाचं पांढरं मलम होतं, आधी दिवसातून एकदा लावत होत्या, आता सकाळी निघताना एकदा आणि संध्याकाळी एकदा. सकाळचं तर चांगलं थापायच्या, दिवसभर पुरायला हवं म्हणून. मग घाईघाईत साबणाने हात धुवायचे, ठमीला खांद्यावर टाकायचं आणि पळायचं. मलमाचा तेलकटपणा साबणाने जायचा. अंगठ्याच्या रेषांत थोडा पांढरेपणा राहायचा, त्याकडे कोण बघतंय?

तिसरी फेरीही मेली. या वेळी तर दोनच दिवसांत.

मॅडमनी टिटवीला सगळ्यांसमोर बोलावलं. मॅडम ओरडत नसत, त्यांचा आवाज उलट खाली जायचा. "शेवाळ खराब आहे?" त्यांनी विचारलं. नव्हतं. मूळ शेवाळ ज्या बाटलीत जपून ठेवलेलं असायचं, तिला तिथे आईबाटली म्हणत, आणि आईबाटली खिडकीशी हिरवीगार उभी होती. ती जुन्याच काचेत होती, कित्येक महिन्यांत बदललेली नव्हती. "पाणी?" ते तपासलं होतं. "काच?" असं म्हणून मॅडम स्वतःच थांबल्या. "काच मावशींनी वाजवली आहे. म्हणजे उरलं काय? तुझा हात. पावडर हाताळून त्याच हाताने तू कोऱ्याला हात लावतेस. तीन फेऱ्या गेल्या, सहा आठवडे गेले. सोमवारी तुझ्या पदवीच्या समितीला कळवायचं आहे मला. असे हात मी प्रयोगशाळेत ठेवू शकत नाही."

टिटवी पहिल्यांदाच गप्प होती. नंतर ती धुण्याच्या खोलीत येऊन सिंकपाशी उभी राहिली आणि रडली. "मावशी, मी मोजे बदलते हो. प्रत्येक वेळी बदलते. मला सांगा, तुम्ही बघता ना?"

"बघते गं," मावशी म्हणाल्या. खरंच बघत होत्या. पोरगी बडबडी होती, वेंधळी नव्हती. पण मनातल्या मनात मावशींना तिचा रागही आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. हिच्याच बरणीतली पावडर माझ्या ठमीच्या अंगावर गेली, असं त्यांना वाटत होतं. ही गेली तर पावडरही जाईल, हा विचार त्यांच्या मनात दोनदा येऊन गेला.

बुधवारी मलम संपलं. ठमीला पाळणाघरात सोडून मावशी औषधांच्या दुकानात शिरल्या आणि रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवली. दुकानदाराने आतून नवी आणून ठेवली. मावशींनी सहज नवीन खोक्यावर नजर टाकली. इतके दिवस ट्यूब घरात होती, पण मलमाची ट्यूब कोणी वाचत बसतं का? बारीक अक्षरांत लिहिलं होतं: झिंक ऑक्साईड.

हे दोन शब्द मावशींनी स्वतःच्या हाताने शंभरदा लिहिले होते. टिटवीच्या फ्लास्कवर चिकटवायच्या पट्ट्यांवर.

"हे... हे विष आहे," त्यांच्या तोंडून निघालं. "हे मी बाळाला लावतेय."

दुकानदार हसला. "मावशी, अहो, जगातली सगळी बाळं हेच लावून मोठी झालीत. कातडीवर बसतं, ओल अडवतं, बास. पोटात गेलं नाही म्हणजे झालं. बाळाला काही होत नाही."

"नक्की?"

"माझ्या दोन्ही पोरांना लावलंय. एक आता माझ्याशी भांडतो एवढा मोठा झालाय. पुरळ कशाने आलंय? डायपर वेळेवर बदला पाळणाघरात, त्यांना सांगा. तुमचं पुरळ ओलीचं आहे."

मावशी दुकानाच्या पायरीवर बसल्या. ठमीला काही होत नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला आणि तिथेच, त्याच पायरीवर, दुसरा चढला. त्यांनी उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. रेषांमध्ये पांढरं होतं. नखाच्या कडेलाही होतं. बाळाला होत नाही. पण शेवाळ म्हणजे काही बाळ नव्हे. टिटवी दिवसभर बडबडायची त्यातलं एक वाक्य त्यांना नेमकं आठवलं: एक लिटर पाण्यात मिठाच्या एका कणाएवढं झिंक पुरतं, मावशी, सगळं हिरवं झोपतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्रयोगशाळेतून घरी काही येतच नव्हतं. जात होतं ते घरातून प्रयोगशाळेत, रोज, शेवटचं पाणी झाल्यावर, मोजे उतरवून. आणि घाबरून मलम जितकं वाढवलं, तितके फ्लास्क लवकर मेले.

कामावर त्या अर्धा तास उशिरा पोचल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कोणाला काही बोलल्या नाहीत. बोलणार काय? नुसता संशय सांगून हसं करून घ्यायचं? आणि खरं निघालं तर? काच धुणाऱ्या बाईची काच घाण निघाली, तर तिचं उरतं काय? लेकीच्या पगारात तीन माणसं आणि पाळणाघर भागत नव्हतं.

पण त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं उगीच नव्हत्या राहिल्या. संशय आला की काय करतात, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. गुरुवारी सकाळी त्यांनी सहा फ्लास्क धुतले. तिघांत अंगठा फिरवला, नेहमीसारखा, मलम लावून धुतलेला अंगठा. तिघांना हातच लावला नाही, मोजे घालूनच उचलले. शेवाळाचं पाणी भरून सहाही मोठ्या कुकरमध्ये उकळले. आईबाटलीतून सहाही फ्लास्कमध्ये सारखं शेवाळ घातलं, पिपेट कशी धरायची ते टिटवीचं बघून ठाऊक होतं. तळाला पेन्सिलीने खूण केली आणि दिव्याखालच्या कोपऱ्यात, जुन्या काचसामानामागे ठेवून दिले. तीन दिवस म्हणजे रविवार.

ते तीन दिवस कसे गेले ते मावशींनाच माहीत. ठमीला मलम लावायचं ते डाव्या हाताने, आणि मग तो हात घासघासून लाल करायचा. कोणी हाक मारली तरी दचकायच्या. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. शुक्रवारी टिटवी आपलं टेबल आवरताना दिसली. तिने पेन, वही, चहाचा कप एका पिशवीत भरला होता. "आतापासून कशाला गं?" मावशींनी विचारलं. "सोमवारी रडत आवरण्यापेक्षा," ती म्हणाली.

सगळ्यांत वाईट म्हणजे सुटका अगदी सोपी होती. अंगठा थांबवायचा, बास. पुढच्या फेरीत कोरे फ्लास्क हिरवे होतील. सगळे म्हणतील, बघा, टिटवी गेली आणि सुरळीत झालं. मावशींच्या काचेवर कोणी बोट ठेवणार नाही. ना साक्षीदार, ना पुरावा. हा विचार मावशींना शनिवारी भाजी निवडताना सुचला आणि तो इतका पटला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

रविवारी आईबाटली बघून यायची पाळी त्यांचीच असायची. इमारत रिकामी होती. त्यांनी दिव्याखालचं जुनं सामान बाजूला केलं. तीन फ्लास्क हिरवे होते, कोवळ्या गवतासारखे. तीन फ्लास्क पांढुरके होते, तळाशी गढूळ साका बसलेला. त्यांनी एकेक उलटून तळाची खूण पाहिली. मग परत पाहिली. मनात कुठेतरी देवाकडे मागत होत्या की एखादी तरी खूण चुकलेली असू दे. एकही चुकलेली नव्हती.

सिंक दोन पावलांवर होतं. मावशींनी एक पांढुरका फ्लास्क हातात घेतला आणि नळापाशी नेला. तिथे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. ओतलं की संपलं. मग त्यांना टिटवीची पिशवी आठवली, वर ठेवलेला चहाचा कप आठवला. त्यांनी फ्लास्क परत जागेवर ठेवला आणि खुर्चीवर बसून मनसोक्त रडून घेतलं, कारण सोमवारी सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं.

सोमवारी मॅडमच्या खोलीत टिटवी उभी होती, मॅडम समितीच्या पत्रावर सही करायच्या बेतात होत्या. मावशी दार न वाजवताच आत गेल्या. ट्रेमध्ये सहा फ्लास्क होते. त्यांनी ट्रे पत्रावरच ठेवला.

"पोरीचा हात नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं. ठमीचं पुरळ, मलम, अंगठा, गुरुवारचे सहा फ्लास्क, सगळं. खिशातून ट्यूब काढून ठेवली. मधे कुठेही थांबल्या नाहीत. "तीन अंगठ्याचे, तीन बिनअंगठ्याचे. मोजून घ्या. मला काढायचं तर काढा, पण हिचं नाव त्या पत्रात घालू नका."

टिटवीने तोंडावर हात दाबला होता. मॅडमनी ट्यूबवरची अक्षरं वाचली. एक हिरवा आणि एक पांढुरका फ्लास्क उचलून खिडकीकडे धरला. मग त्यांनी ट्रेखालचं पत्र ओढून काढलं, फाडलं आणि टिटवीला म्हणाल्या, "पिशवी रिकामी कर. आज चौथी फेरी लाव. काच तू धू."

मावशींनी टेबलाची कड धरली. आता आपली पाळी, असं त्यांना वाटलं, आणि त्या शिक्षेची वाट बघत उभ्या राहिल्या.

मॅडम ट्यूबकडे बघत होत्या. मग अगदी हळू, नेहमीपेक्षाही खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मावशी, हे मलम घरात आत्ताच आलं? ठमीसाठी?"

"हो. म्हणजे, ठमीसाठी आत्ताच. तसं आधीही असायचंच."

"कशाला?"

"थंडीत अ‍ॅसिडने माझे हात फुटतात ना मॅडम. रात्री झोपताना थोडंसं लावते. पांढरं, असलंच."

"किती वर्षं?"

"इथे आल्यापासून. दर हिवाळ्यात."

मॅडमनी मान वर केली. त्यांची नजर मावशींवरून, टिटवीवरून सरकत समोरच्या भिंतीवर गेली. तिथे फ्रेममध्ये त्यांचा लेख होता, बंद खोलीतल्या शेवाळाला हिवाळा कसा आठवतो त्यावरचा. मॅडमचा चेहरा उतरत गेला, अगदी त्या तीन फ्लास्कसारखा, आणि हातातली ट्यूब टेबलावर पडली. गेले पाच दिवस आपल्या पोटात जे होतं तेच आता मॅडमच्या पोटात उतरलंय, हे मावशींना कळलं. त्यांनी पाण्याचा पेला भरला, अंगठा आत जाणार नाही असा बाहेरून धरला आणि मॅडमपुढे ठेवला.